१० मिलीच्या आठ सिरिंजा आणि एक लाकडी हात

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की इंदुरात खजुरी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत वह्यांच्या थप्पीशेजारी विज्ञान-किटचे खोके दिसू लागतात. त्यांत मुलांची नजर सगळ्यांत आधी जाते ती हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या हाताच्या खोक्यावर. लाकडी हात, त्यावर लाल-निळ्या पाण्याने भरलेल्या नळ्या, आणि चिमट्यात पकडलेला चेंडू. हा हात चार हालचाली करतो. बैठक फिरते, खांदा उचलतो, कोपर वाकतं, चिमटा मिटतो. प्रत्येक हालचालीला दोन सिरिंजा लागतात. एक मुलाच्या हातात, दुसरी यंत्रावर, आणि दोघींमध्ये पाण्याने भरलेली नळी. वेगवेगळ्या नावांनी जवळजवळ हेच किट पाचशे ते हजार रुपयांच्या दरम्यान मिळतं, ऑनलाइनही मिळतं. त्यामुळे इथे कुठल्या एका कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. पुढे लिहिलंय ते या जातीच्या किटबद्दल आहे.

आधी निकाल सांगतो. घ्यावं. लाकूडकाम चांगलं आहे आणि विषय तर सोन्यासारखा आहे. पण खोक्यातल्या जोडणीच्या पत्रकात सांगितलंय तेवढंच केलं तर हात उभा राहतो, दोन नाणी उचलतो आणि आठवड्याभरात माळ्यावर जातो. त्यात मुलांचा दोष नसतो. पत्रक जोडणी शिकवतं, यंत्र शिकवत नाही. शिवाय खोक्यात आठही सिरिंजा एकाच मापाच्या, १० मिलीच्या दिल्या आहेत, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. हायड्रॉलिक्समध्ये शिकण्यासारखं जे आहे ते दोन वेगवेगळ्या मापांच्या सिरिंजा जोडल्यावरच हाताला जाणवतं. दोन्ही बाजूंना सारखीच सिरिंज असेल तर पाणी म्हणजे निव्वळ लांबलेली काठी.

खोक्यात काय असतं? ३ मिमी जाडीच्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) लेझरने कापलेल्या पाट्या, आठ सिरिंजा, आतून ३ मिमी पोकळ असलेली सुमारे अडीच मीटर पारदर्शक नळी, ३ मिमीचे बोल्ट आणि साधे नट, केबल टाय, रंगाच्या छोट्या बाटल्या आणि पत्रक. सुई नसते, आणि ते योग्यच आहे.

पाट्यांतून तुकडे सुटे करताना ओढू नयेत. मागच्या बाजूने अंगठ्याने ढकलावेत. जिथे लेझर पूर्ण आरपार गेलेला नसतो तिथे कटरने आधी रेघ मारावी, नाहीतर एमडीएफचा वरचा पापुद्रा सोलून निघतो आणि नेमकं खाचेचं टोक फुगतं. कडांवर काळी काजळी असते. ती ओल्या फडक्याने पुसली नाही तर हात आणि कपडे खराब होतात हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जळलेल्या थरावर फेविकॉल नीट धरत नाही. खाचेत जाणाऱ्या जिभांवर बारीक पॉलिश पेपर दोन-तीनदा फिरवला की पुरे. जास्त घासलं तर सांधा सैल होतो.

एमडीएफची जाडी ३ मिमी म्हणतात, पण पाटीपाटीत फरक पडतो, आणि पावसाळ्यात घेतलेलं किट हवेतला ओलावा शोषून थोडं फुगलेलंही असतं. म्हणून एक जीभ एका खाचेत घालून पाहावी. अजिबात जात नसेल तर हातोडी घेऊ नये. बोथट पेन्सिलीने जिभेच्या कडा चेपल्या तरी काम होतं. सैल बसत असेल तर जिभेवर कागदाची पट्टी फेविकॉलने चिकटवावी. सांधा वीस-पंचवीस मिनिटांत धरतो, पण त्यावर जोर द्यायचा तो दुसऱ्या दिवशी. खोक्यावर ‘दोन तास’ लिहिलंय. प्रत्यक्षात जोडायला साडेतीन-चार तास, मध्ये एक रात्र वाळायला आणि पाणी भरून नीट करायला आणखी दोन तास धरा. शनिवार-रविवारचं काम आहे.

सांध्यांच्या बोल्टांबद्दल पत्रक फक्त ‘घट्ट करा’ म्हणतं. घट्ट केलं की सांधा हलत नाही, सैल ठेवलं की हात डुलतो, आणि पाच-पन्नास हालचालींत साधा नट आपोआप सुटून टेबलाखाली जातो. यासाठी आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट घ्यावेत. सियागंजात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात ३ मिमीचे मिळतात. नट पूर्ण कसायचा आणि मग पाव फेरा उलटा सोडायचा. लाकूड आणि बोल्टचं डोकं यांच्यामध्ये एक आणि दोन पाट्यांच्या मध्ये एक असे वॉशर घातले तर सांधा मऊ चालतो आणि भोक पसरत नाही. नायलॉक मिळालेच नाहीत तर दोन साधे नट एकमेकांवर कसून ठेवावेत. त्यासाठी दोन पान्हे लागतात, खोक्यात एकही नसतो.

यापेक्षा मोठी चूक पत्रकातल्या कोपराच्या चित्रात आहे. तिथे सिरिंजचं नळकांडं दोन केबल टायांनी हाताच्या पाटीवर आवळून बांधलेलं दाखवलंय, आणि दट्ट्याचं टोक पुढच्या पाटीला बोल्टने जोडलंय. पुढची पाटी सांध्याभोवती फिरते, म्हणजे दट्ट्याचं टोक सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातं. सांध्यापासून ४ सेंमीवर जोडलं असेल आणि पाटी दोन्ही बाजूंना ३० अंश फिरत असेल, तर ते टोक सरळ रेषेपासून ५ मिमी बाजूला सरकतं. नळकांडं बांधलेलं, मग दट्ट्या वाकणार. त्याचं रबर एका बाजूने दाबलं जातं, दुसऱ्या बाजूने फट पडते, आणि तिथून पाणी बाहेर येतं किंवा हवा आत जाते. ‘सिरिंज खराब निघाली’ म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यांतल्या पुष्कळशा सिरिंजच्या नसून या बांधणीच्या असतात.

शहरात कुठेतरी खोदकाम चालूच असतं. काम थांबलेल्या जेसीबीजवळ मुलाला घेऊन जा आणि लांबूनच त्याचे सिलिंडर दाखवा. चकचकीत दांडा जिथे जोडलाय तिथे पिन आहे हे लगेच दिसतं. पण नळकांड्याच्या मागच्या टोकालाही पिन असते, आणि हात वर-खाली होताना अख्खा सिलिंडर किंचित झुलतो. आपल्या लाकडी हातालाही हेच हवं. उरलेल्या पाटीतून ६ सेंमी लांब, दीड सेंमी रुंद पट्टी कापा, सिरिंज दोन टायांनी त्या पट्टीवर बांधा, आणि पट्टी एकाच बोल्टने हातावर बसवा. आता सिरिंज झुलते, दट्ट्या सरळ राहतो. वीस मिनिटांचं काम आहे. ते आधी करा, मग पाणी भरा.

ही पट्टी बसवताना आणखी एक फेरफार करून टाकावा. पत्रकात कोपराची सिरिंज वरच्या अंगाला आहे, त्यामुळे पुढचा हात उचलायचा तर आपल्या हातातला दट्ट्या ओढावा लागतो. पाणी ढकलण्यात आणि ओढण्यात मोठा फरक आहे. ढकलताना अंगठ्यात जितका जोर, तितका पोचतो. ओढताना मात्र यंत्रावरच्या सिरिंजला आत सारण्याचं काम बाहेरची हवा करते, आणि हवेचा दाब ठरलेला आहे, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. १० मिलीच्या सिरिंजचं आतलं क्षेत्रफळ साधारण १.६५ चौ. सेंमी असतं. म्हणजे कितीही ओढा, दीड किलोच्या आसपास मर्यादा आली. त्याआधीच पाण्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते आणि नळीच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरते. म्हणून जड काम ढकलण्याकडे आणि परतीचं काम हाताच्या स्वतःच्या वजनाकडे द्यावं. पट्टी पाटीच्या खालच्या अंगाला बसवली की कोपराचं उचलणं ढकलण्याने होतं. पाटीला नवी दोन भोकं पाडावी लागतात, ३ मिमीच्या ड्रिलने किंवा धीर असेल तर दाभणाने.

आता पाणी. या किटचं यश-अपयश इथे ठरतं आणि पत्रकात यावर फक्त दीड ओळ आहे.

नळीचे ६० सेंमीचे चार तुकडे करा. कात्रीने कापलेलं टोक चपटं होतं, म्हणून पात्याने काटकोनात कापा. सिरिंजचं तोंड ४ मिमीच्या आसपास असतं आणि पुढून मागे किंचित जाड होत जातं. ३ मिमीची नळी त्यावर सहज जात नाही, आणि जात नाही हेच चांगलं. टोक कडकडीत पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच ७-८ मिमी चढवायचं. थंड झालं की घट्ट बसतं. एकदा काढलेलं टोक पुन्हा तसंच चढवू नये. सेंटिमीटरभर कापून नव्याने गरम करून चढवावं. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवलेली नळी मऊ पडून ऐन जोरात सुटते आणि रंगीत पाणी थेट तोंडावर येतं. त्यामुळे जोडावर बारीक केबल टाय हवा. सुपरग्लू नको. तो सिरिंजच्या आत ओघळला की दट्ट्या कायमचा धरतो.

पाणी उकळून निवलेलं किंवा आरओचं घ्यावं. उकळल्याने विरघळलेली हवा निघून जाते, म्हणून नंतर बुडबुडे कमी होतात. घरात नर्मदेचं पाणी येत असेल तर उकळून चालतं. बोअरिंगच्या जड पाण्याने मात्र सिरिंज वाळली की आत पांढरे कण उरतात आणि ते रबराला ओरखडतात. रंगासाठी खाण्याच्या रंगाचे दोन थेंब पुरतात. गेरेहून, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीहून परतल्यावर घरात उरलेला रंग कुणी घालू नये. त्यातली न विरघळणारी पूड दट्ट्याच्या कडेशी साचते आणि सिरिंज चारच दिवसांत कुरकुरू लागते.

भरायची पद्धत अशी. हातातली सिरिंज पूर्ण भरून घ्या, तोंड वर करून नळकांड्यावर टिचक्या मारा, बुडबुडे वर गोळा झाले की दट्ट्या किंचित दाबून ते घालवा. मग नळी जोडा आणि दुसरं टोक उंच धरून, तिथे पाण्याचा थेंब येईपर्यंत दाबा. आता नळीत पाणी भरलं, पण सिरिंजमधलं तेवढं कमी झालं. ३ मिमी पोकळीच्या ६० सेंमी नळीत सव्वाचार मिली पाणी मावतं. बहुतेक घरांत हे सव्वाचार मिली हिशोबात धरले जात नाहीत, आणि मग ‘हात अर्ध्यातच थांबतो’ म्हणतात. म्हणून नळी काढून न घेता तिचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत बुडवायचं आणि दट्ट्या हळूहळू मागे ओढून सिरिंज पुन्हा पूर्ण भरायची. शेवटी दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या पूर्ण आत दाबून, तिच्या तोंडाच्या पोकळीत पाण्याचा एक थेंब सोडून, वाटीतल्या पाण्याखालीच जोड करायचा. पाण्याखाली जोडलं की हवा शिरायला जागाच राहत नाही. टोक गरम करावं लागतं, म्हणून ती वाटीच गरम पाण्याची ठेवली तर दोन्ही कामं एकदम होतात. मात्र या जोडाच्या वेळी बोटं पोळणार नाहीत असं, मोठ्या माणसाने.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मोजून पाहता येतं. सिरिंजमध्ये १ मिली हवा राहिली आहे आणि दट्ट्यावर दीड किलो जोर आहे असं धरा. आतला दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट होतो, हवा निम्म्याच्या आसपास आक्रसते, आणि दट्ट्याची सुमारे ३ मिमी सरक वाया जाते. ३ मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण दट्ट्या सांध्यापासून ४ सेंमीवर आणि चिमट्याचं टोक २४ सेंमीवर आहे, म्हणजे सहापट. चिमट्याशी ती पावणेदोन सेंमीची डुलकी होते. नाणं उचलताना हात आधी खाली बसतो, मग एकदम उसळतो, तो यामुळे. मुलांना हे सांगण्याआधी दाखवावं. एक नळी मुद्दाम १ मिली हवा ठेवून भरा, दुसरी बिनहवेची, आणि दोन्ही आलटून-पालटून खांद्याला जोडा.

हवा नसूनही झटके येत असतील तर कारण घर्षण असतं. ते मोजायला घरातला किचनचा वजनकाटा पुरतो. रिकाम्या सिरिंजच्या दट्ट्याचं टोक काट्यावर टेकवा आणि नळकांडं सावकाश खाली दाबा. दट्ट्या हलण्याच्या क्षणी काटा जो आकडा दाखवतो तो मोठा असतो, चालू लागल्यावर आकडा खाली येतो. हा फरक म्हणजेच झटका. नव्या सिरिंजला आतून सिलिकोनचा पातळ थर असतो, वारंवार धुण्याने तो जातो आणि आकडा वाढत जातो. अशा वेळी ग्लिसरीनचा एक थेंब रबराच्या कडेला लावावा. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल किंवा घरात हाताशी असेल ते तेल लावू नये. तेलाने रबर फुगतं आणि दट्ट्या अडकतो.

आता एकाच मापाच्या सिरिंजांची गोष्ट. पास्कलचा नियम शाळेच्या पुस्तकात असतो. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून लहान दट्ट्यावर थोडा जोर लावला तर मोठ्या दट्ट्यावर क्षेत्रफळाच्या प्रमाणात जास्त जोर मिळतो. जोसेफ ब्रामाने १७९५ साली याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. किटमध्ये दोन्हीकडे १० मिली असल्याने हे प्रमाण एकास एक, म्हणजे नियमाचा फायदा शून्य.

यावर उपाय स्वस्त आहे. आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारातून किंवा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ५ मिली आणि ३ मिलीच्या, दट्ट्याला काळं रबर असलेल्या दोन-दोन सिरिंजा आणा. दीडशे रुपयांच्या आत काम होतं. सुईसकट पाकीट मिळालं तर सुया टोपणासह दुकानदाराकडेच ठेवायला सांगा, घरी आणू नका. वापरलेली सिरिंज कुठूनही, कितीही धुतलेली असली तरी घेऊ नये.

यंत्रावरची १० मिलीची सिरिंज तशीच राहू द्या. तिच्या जागी २० मिलीची बसवायला गेलात तर लाकडाची भोकं वाढवावी लागतात आणि खांद्याची चौकट आडवी येते. बदलायची ती हातातली. मुलाला मोजपट्टी द्या. ५ मिलीच्या सिरिंजवर शून्यापासून पाचच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजायचं, साधारण ४.४ सेंमी भरेल. ५ घन सेंमी भागिले ४.४ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ १.१४ चौ. सेंमी. १० मिलीच्या सिरिंजवर दहाच्या रेघेपर्यंत सुमारे ६ सेंमी, म्हणजे १.६५ च्या आसपास. ३ मिलीवर ५ सेंमीच्या थोडं पुढे, म्हणजे ०.६ च्या जवळपास. कंपनीगणिक आकडे थोडे हलतात, म्हणून आपल्या हातातली सिरिंज मोजावी. इथे नववी-दहावीची मुलंही हमखास चकतात. १० मिली ही ५ मिलीच्या दुप्पट, तेव्हा जोरही दुप्पट, असं त्यांना वाटतं. पण मोठी सिरिंज नुसती जाड नसते, लांबही असते. जोर वाढतो तो सुमारे १.४५ पट. ३ मिलीने १० मिली ढकलली तर २.८ पट.

त्याची किंमत अंतरात द्यावी लागते. ५ मिलीची सिरिंज पूर्ण दाबली तर १० मिलीचा दट्ट्या ३ सेंमी सरकतो, ३ मिलीने फक्त १.८ सेंमी. खांद्याला ३ सेंमी भरपूर होतात, म्हणून तिथे ५ मिली बसवावी असं माझं ठाम मत आहे. हिशोब सांगतो. खांद्यापुढच्या हाताचं वजन, कोपराची भरलेली सिरिंज धरून, १५० ग्रॅम आहे आणि ते सांध्यापासून १२ सेंमीवर एकवटलंय असं धरा. चिमट्यात २४ सेंमीवर ५० ग्रॅम ओझं. १५० गुणिले १२ अधिक ५० गुणिले २४, म्हणजे ३०००. सिलिंडर ४ सेंमीवर आहे, तेव्हा त्याला ७५० ग्रॅम जोर द्यावा लागेल. पण हे सिलिंडर हाताशी काटकोनात असताना. हात खाली गेला की सिलिंडर तिरका होतो, ३० अंशांवर जोर दुप्पट, म्हणजे दीड किलो लागतो. घर्षण वेगळंच. १० मिलीने हा दीड किलो अंगठ्यालाच द्यावा लागतो आणि अंगठा थरथरतो. ५ मिलीने किलोभर पुरतो, ३ मिलीने साडेपाचशे ग्रॅमच्या आत. दहा रुपयांचं नाणं ७.७ ग्रॅमचं असतं, सहा-सात नाण्यांची चवड करून तिन्ही सिरिंजांनी उचलून पाहिली की आकडे अंगठ्याला पटतात. चिमट्याला उलट करावं. तिथे जोर नको, चपळाई हवी, म्हणून किटमधली १० ला १० चीच जोडी ठेवावी.

बैठकीची फिरकी हा किटचा सगळ्यांत कच्चा भाग. लाकडावर लाकूड घासतं, वर अख्ख्या हाताचं वजन, आणि मध्ये एकच बोल्ट. दोन्ही चकत्यांच्या घासणाऱ्या बाजूंना मेणबत्ती जोरात घासून मेणाचा थर द्या, आणि मधल्या बोल्टाभोवती दोन जुन्या सीडी घाला. सीडीचं भोक १५ मिमीचं असतं, म्हणून आत एमडीएफची गोल चकती बसवावी लागते. एवढं करूनही हात एका बाजूला पूर्ण लांब केला की बैठक कलते. तळाच्या पाटीखाली दीड-दोन किलोची फरशी स्क्रूने किंवा टायांनी बांधल्याशिवाय ते थांबत नाही. पत्रकात याचा उल्लेखही नाही.

खोक्यावर वय ‘आठ वर्षांपासून’ लिहिलंय. माझ्या मते आठ-नऊ वर्षांच्या मुलाने हे किट मोठ्या ताई-दादाबरोबर करावं. बारीक नट, गरम पाणी आणि कटर हे एकट्याचं काम नाही. अकरा-बाराव्या वर्षापुढे मूल स्वतः करू शकतं, आणि क्षेत्रफळाचं गणित पाठ्यपुस्तकात येऊन गेलेलं असतं, त्यामुळे रसही वाढतो. चौघा मुलांत एक किट सर्वांत चांगलं. चार नळ्या चार जणांकडे, आणि एक नाणं या वाटीतून त्या वाटीत. एकट्याला दोनच हात असल्याने सिरिंजा खाली ठेवाव्या लागतात, आणि सोडलेला हात हळूहळू खाली बसतो.

किटऐवजी सगळं घरीच केलं तर? करता येतं. आठ सिरिंजा, औषधाच्या दुकानातली सलाइनची नळी, जाड पुठ्ठा, सांध्यांना सायकलच्या स्पोकचे तुकडे. आपल्या मध्य प्रदेशाला ही वाट नवी नाही. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली सुरू झालेला विज्ञान-शिक्षण कार्यक्रम ३० वर्षं साध्या, आसपास मिळणाऱ्या सामानावर चालला, आणि त्याच्या पुस्तकांत उत्तरं छापलेली नसत. मुलांनी प्रयोग करून ती काढायची. काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून आकार बांधणारे अरविंद गुप्ता याच कार्यक्रमात काम करून गेले. पण या हाताच्या बाबतीत पुठ्ठ्यापेक्षा एमडीएफचं किट वरचढ आहे, हे मान्य करायला हवं. पुठ्ठ्याची भोकं दहा-वीस उचलींत लांबट होतात, सांधा खेळू लागतो, आणि मग चूक पाण्यात आहे की पुठ्ठ्यात हेच कळत नाही. किटचे पैसे या नेमक्या कापलेल्या भोकांचे आहेत. पत्रकाचं काम मात्र त्या जुन्या पुस्तकांच्या जवळपासही जात नाही. ‘अ ला ब जोडा’ च्या चोवीस पायऱ्या आहेत, एकही प्रश्न नाही.

दुकानात खोका उघडून बघू देत असतील तर तीन गोष्टी पाहा. पाट्या टेबलावर सपाट बसतात का. वाकलेली पाटी नंतर सरळ होत नाही. सिरिंजांचे दट्ट्ये एकेक करून ओढा, मग तोंडावर बोट दाबून पुन्हा आत दाबा. सोडल्यावर दट्ट्या पुष्कळसा परत आला तर सील ठीक, जिथे दाबला तिथेच राहिला तर गळती आहे. आणि नळी मोजा. अडीच मीटरच्या जागी दीड मीटर निघाली तर चार तुकडे इतके आखूड होतात की मुलं यंत्राला चिकटून बसतात आणि नळी ताणून जोड सुटतात. सुटी नळी औषधाच्या दुकानात मिळते, पण ती आतून ३ मिमीचीच आहे ना, हे सिरिंज सोबत नेऊन लावून पाहावं. मत्स्यपेटीची हवेची नळी साधारण ४ मिमीची असते, ती सैल पडते आणि गरम करूनही धरत नाही.

सुट्टी संपली की पाणी भरलेलं ठेवू नका. आठवड्यात नळीत शेवाळ धरतं आणि रंग प्लास्टिकमध्ये उतरतो. नळ्या यंत्राकडून सोडवा, पाणी काढा, सिरिंजा साध्या पाण्याने धुऊन दट्ट्ये नळकांड्यातून पूर्ण बाहेर काढून सावलीत वाळवा आणि वेगळे ठेवा. पुढच्या वर्षी रबराला ग्लिसरीनचा थेंब लावून, नळीची टोकं सेंटिमीटरभर कापून पुन्हा चढवली की हात पहिल्यासारखा चालतो.